विथ स्पेशल रेफरन्स टू सांगली : शीर्षकं सरळ करण्याच्या कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली, आज टायपिंगचं दुकान उघडलं. शंभर फुटी रोडवरची बाकीची दुकानं अजून बंदच आहेत, त्यामुळे निवांत बसून नवीन काम बघता आलं.

काम सांगलीतल्याच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं आहे. त्यांच्याकडे जमा झालेले एम.फिल., पीएच.डी.चे प्रबंध आणि लघुशोध प्रकल्प यांची छापील सूची करायची. इंग्रजी शीर्षकं १,४१२ आणि मराठी २६०. सगळं वर्डच्या टेबलमध्ये आहे, दर वर्षाची वेगळी फाइल, १९९८ पासूनची. टाइप करणारे हात दरवेळी वेगळे. कुणी सगळं कॅपिटलमध्ये केलंय, कुणी फक्त पहिलं अक्षर मोठं, कुणी मनाला येईल तसं. ग्रंथपाल मॅडमनी सांगितलंय, "शीर्षकं सगळी एकसारखी दिसू देत. टायटल केस करा." म्हणजे शीर्षकातल्या महत्त्वाच्या शब्दांचं पहिलं अक्षर मोठं, मधले छोटे शब्द लहान. मुदत ३० तारखेपर्यंत.

नोंदी मराठीत लिहितेय, आणि देवनागरीत लहान-मोठं अक्षर असा प्रकारच नाही. म्हणून इंग्रजी शब्दही देवनागरीतच लिहीन आणि कुठलं अक्षर मोठं, कुठलं लहान ते शब्दांत सांगेन. आम्ही पाचवीत एबीसीडी शिकलो ती चार रेघी वहीत आणि चार लिप्यांत. पहिली लिपी म्हणजे कॅपिटल, दुसरी म्हणजे स्मॉल, तिसरी-चौथी वळणाची. पहिली लिपी कधी वापरायची याचे नियम दोनच सांगितले होते: वाक्याच्या सुरुवातीला आणि विशेषनामाला. पुस्तकांच्या नावांचं काय करायचं हे कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

५ नोव्हेंबर

आधी मूळ फायलींची प्रत काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. मग पहिल्या फाइलवर सगळ्यांना माहीत असलेला उपाय केला: मजकूर निवडायचा, शिफ्ट धरून एफ-तीन दाबायचं. दाबत राहिलं की पाळीपाळीनं कधी सगळं लहान, कधी सगळं मोठं, तर कधी प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं होतं.

हळदीच्या व्यापारावरचं एक शीर्षक समोर होतं: 'ए स्टडी ऑफ टर्मरिक मार्केटिंग इन सांगली एपीएमसी'. पूर्ण कॅपिटलमध्ये टाइप केलेलं. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केल्यावर काय झालं? 'ऑफ'चा ओ मोठा आणि 'इन'चा आय मोठा. छापील इंग्रजी पुस्तकावर हे शब्द लहान असतात. आणि एपीएमसीचा फक्त ए मोठा राहिला, बाकीची तीन अक्षरं लहान झाली. बाजार समितीचं नाव वाचता येईना.

वर्ड २००३ मध्ये मेनूत याचं नाव 'टायटल केस' असं होतं. २००७ पासून ते 'कॅपिटलाइज ईच वर्ड' झालं. हे नाव खरं आहे, कारण वर्ड एवढंच करतं: प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, उरलेली लहान. शब्द कोणता आहे हे त्याला बघायचं नसतं.

आज मला एक गोष्ट नीट कळली. सगळं मोठं करणं हा एकतर्फी रस्ता आहे. शीर्षक नीट लहान-मोठ्या अक्षरांत असेल तर त्यातली विशेषनामं, आद्याक्षरी नावं डोळ्यांना दिसतात. एकदा सगळं कॅपिटलमध्ये टाइप झालं की ती माहिती गेली. परत आणायला वाचणारं माणूसच लागतं. १९९८ साली कुणीतरी कॅप्स लॉक दाबून ठेवलं, त्याची भरपाई आज करायची आहे.

६ नोव्हेंबर

आजची नोंद मोठी होणार.

२००३ ची फाइल घेतली आणि आख्खा स्तंभ निवडून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं. खाली मराठी शीर्षकंही आहेत हे लक्षात होतं, पण मराठीला लहान-मोठं नसतं, तिला काय होणार, असं धरून चालले. भाची शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मावशी, हे बघ की. साताऱ्याचं सतारा झालंय."

खरंच झालं होतं. सातारा होतं तिथं सतारा. सांगलीचं संगली. पाणीचं पणी. कराडचा क अर्धा आणि शेवटच्या ड चा उ.

कारण शोधायला वेळ लागला नाही, कारण ते बोटांत आहे. ही शीर्षकं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत नाहीत, कृतिदेव फाँटमध्ये आहेत. अशा जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीनं मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं असतात, फाँट त्यांच्यावर फक्त मराठी रूप चढवतो. कृतिदेवमध्ये लहान एल म्हणजे स, लहान के म्हणजे काना, लहान आर म्हणजे त, लहान जे म्हणजे र. सातारा म्हणजे आतून एल-के-आर-के-जे-के. आता पहिला एल मोठा केला की काय होतं? मोठा एल म्हणजे अर्धा स. अर्ध्या स पुढे काना आला की डोळ्याला पूर्ण स दिसतो. काना त्या स च्या उभ्या रेघेत खर्ची पडला, आणि सातारा झालं सतारा.

कराडमध्ये तर दोन्ही टोकांना झालं. तिथं क म्हणजे लहान डी, तो मोठा झाला म्हणजे अर्धा क. शेवटचा ड म्हणजे मोठा एम, तो लहान झाला. लहान एम म्हणजे उ.

मी मराठी टायपिंग रेमिंग्टनवर शिकले, ३० ची परीक्षा दिली. त्या यंत्रावर बहुतेक व्यंजनांना शिफ्ट दाबलं की अक्षर अर्धं होतं. इंग्रजीच्या यंत्रावर शिफ्ट दाबलं की मोठं होतं. कृतिदेवनं तोच कळफलक उचलला. त्यामुळे इंग्रजीत ज्याला 'मोठं करा' म्हणतात, त्याचा या फाँटमध्ये अर्थ होतो 'अर्धं करा'. कुतूहल म्हणून सातारा शब्द सगळा कॅपिटल करून बघितला. आला 'स्ज्ञत्ज्ञश्रज्ञ'.

कंट्रोल-झेड करून सगळं परत आणलं. पण मग मूळ फायलींतच 'सतारा' शोधलं. अकरा ठिकाणी सापडलं. सगळी टेबलच्या चौकटीच्या सुरुवातीला, मधे कुठंही नाही. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये, म्हणजे टाइप करतानाच दुरुस्ती करणाऱ्या सोयीत, दोन खुणा आपोआप चालू असतात: वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करा, आणि टेबलच्या चौकटीतलं पहिलं अक्षर मोठं करा. ऑपरेटरनं सातारा बरोबरच टाइप केलं होतं. पुढच्या शब्दावर गेल्यावर वर्डनं ते सतारा केलं.

मॅडमना फोन करून हे सांगितलं. त्यांच्या ग्रंथालयात त्या वर्षीच्या टंकलेखकाला शुद्धलेखन येत नव्हतं, असाच समज इतकी वर्षं होता. तो समज दूर व्हायला हवा होता, म्हणून फोन मुद्दाम लगेच केला.

मराठी शीर्षकं वेगळ्या फाइलमध्ये काढली. ती आधी युनिकोडमध्ये बदलणार. युनिकोडमधल्या देवनागरीला लहान-मोठ्या अक्षरांचे भेदच दिलेले नाहीत, त्यामुळे तिथं शिफ्ट-एफ-तीन कितीही दाबा, सातारा सातारा राहतो. जी दुकानं अजून जुन्या फाँटमध्ये काम करतात त्यांनी ऑटोकरेक्टच्या त्या दोन्ही खुणा आज काढाव्यात.

७ नोव्हेंबर

चांगली बातमी. २००९ आणि २०१० च्या फायली वरून पूर्ण कॅपिटल दिसतात, पण एक शीर्षक नोटपॅडमध्ये टाकलं तर ते नीट लहान-मोठ्या अक्षरांत उतरलं. त्या ऑपरेटरनं साध्या अक्षरांत टाइप करून वरून 'ऑल कॅप्स' ही सजावट दिली होती, कंट्रोल-शिफ्ट-ए. ती फक्त दिसण्यापुरती असते, आतलं अक्षर बदलत नाही. सजावट काढली आणि जवळजवळ दोनशे शीर्षकं जशीच्या तशी हातात आली, एपीएमसी एपीएमसी म्हणूनच.

कोण होता किंवा कोण होती माहीत नाही, पण काम जाणून केलेलं आहे.

९ नोव्हेंबर

दुसरी सॉफ्टवेअर काय करतात ते बघण्यात दिवस घालवला. घालवायला हवाच होता, कारण मॅडमच्या ऑफिसात लिबरऑफिस आहे आणि यादी पुढे तेच वापरणार.

लिबरऑफिस रायटरमध्येही शिफ्ट-एफ-तीन चालतं. फॉरमॅट मेनूतून 'कॅपिटलाइज एव्हरी वर्ड' केलं तर अक्षरं खरोखर बदलतात. पण कॅरेक्टरच्या खिडकीत फाँट इफेक्ट्समध्येही तसाच एक पर्याय आहे, आणि तो फक्त दिखाव्याचा. दोन्हींचा परिणाम पडद्यावर सारखाच दिसतो, म्हणून फसायला होतं. गूगल डॉक्समध्ये नाव 'टायटल केस' असंच आहे, पण तेही प्रत्येक शब्द मोठा करतं.

एक्सेलचं 'प्रॉपर' हे सूत्र सगळ्यात जास्त घोळ घालतं. त्याचा नियम असा की अक्षर नसलेल्या कुठल्याही खुणेनंतरचं अक्षर मोठं. त्यामुळे 'विमेन्स'मधल्या अपॉस्ट्रॉफीनंतरचा शेवटचा एस मोठा होतो. आणि 'को-ऑपरेटिव्ह'! आमच्या सांगली-साताऱ्यात सहकारावर जेवढे प्रबंध झाले तेवढे दुसऱ्या कशावर झाले नसतील. साखर कारखाना, दूध संघ, बँक, पतसंस्था. दर पाच-सहा शीर्षकांमागे एक को-ऑपरेटिव्ह येतो. हायफननंतरचा ओ मोठा केला की शब्द मधोमध चिरल्यासारखा दिसतो. 'को' हा नुसता उपसर्ग आहे, एकटा उभा राहू शकत नाही, म्हणून त्याच्यापुढचं अक्षर लहान. पण 'सेल्फ-हेल्प ग्रुप' म्हणजे बचत गट, त्यात दोन्ही शब्द स्वतःच्या पायावर उभे आहेत, तिथं हेल्पचा एच मोठाच हवा. हायफन तोच, निर्णय वेगळा. हे कुठल्याही बटणाला कळणार नाही.

११ नोव्हेंबर

नियम ठरवायला ग्रंथालयात गेले. मॅडमनी आधी एक जुना कार्ड कॅटलॉगचा खण ओढून दाखवला. कार्डावर प्रत्येक इंग्रजी शीर्षकाचा पहिलाच शब्द मोठा, पुढे फक्त विशेषनामं. म्हणाल्या, "आमची तालिका अशीच असते. अँग्लो-अमेरिकन नियमावली आहे, १९७८ ची दुसरी आवृत्ती, त्यात हेच सांगितलंय."

मी विचारलं, "मग टायटल केस कशाला हवी मॅडम?"

"छापील सूचीला प्राचार्यांना तसं हवंय. आणि मुखपृष्ठांवरही तसंच असतं."

दोघींनी मिळून ठरवलं की फाइलमध्ये दोन स्तंभ ठेवायचे. एकात वाक्यासारखं शीर्षक, तालिकेसाठी. दुसऱ्यात टायटल केस, छपाईसाठी. वाक्यासारख्यावरून टायटल केस करणं सोपं आहे, उलटं जाणं अवघड. म्हणून खरी मेहनत पहिल्या स्तंभात.

आता टायटल केसचे नियम. पहिला शब्द मोठा, यावर सगळ्यांचं एकमत; शेवटचाही बहुतेक पद्धतींत मोठा. नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण मोठं. ए, अॅन, द लहान. अँड, ऑर, बट लहान. भांडण आहे ते शब्दयोगी अव्ययांवर, म्हणजे ऑफ, इन, विथ, बिटवीन, अगेन्स्ट यांच्यावर. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची एपीए पद्धत म्हणते चार किंवा जास्त अक्षरांचे सगळे शब्द मोठे. वर्तमानपत्रांची एपी पद्धतही चारच धरते. भाषा-साहित्याच्या अभ्यासकांची एमएलए पद्धत म्हणते अव्यय कितीही लांब असू दे, लहानच. शिकागो मॅन्युअल ही पुस्तक-प्रकाशकांची नियमावली २०१७ च्या आवृत्तीपर्यंत तेच म्हणत होती. याच वर्षी त्यांची अठरावी आवृत्ती आली, तिच्यात पाच किंवा जास्त अक्षरांची अव्ययं मोठी केली आहेत.

हा वाद आम्हाला लांबचा वाटला नाही, कारण आमच्या प्रत्येक तिसऱ्या शीर्षकात एक शेपूट आहे: 'विथ स्पेशल रेफरन्स टू सांगली डिस्ट्रिक्ट'. कुठं सातारा डिस्ट्रिक्ट, कुठं मिरज तालुका, कुठं वारणा खोरं. विथ हा चार अक्षरांचा. एपीए धरली तर मोठा, शिकागो धरली तर लहान. एका शब्दाचा निर्णय, आणि तो चारशे-साडेचारशे ओळींत दिसणार.

मॅडमनी तीन-चार शीर्षकं कागदावर दोन्ही प्रकारे लिहून बघितली. विथ लहान ठेवला की शेपूट शेपटासारखं राहतं, विषय पुढे दिसतो. विथ मोठा केला की ओळभर सगळेच शब्द मान वर काढून उभे. म्हणून शिकागोची नवी रीत घेतली: चार अक्षरांपर्यंतची अव्ययं लहान, पाचपासून मोठी. अक्षरं मोजणं मॅक्रोलाही, म्हणजे वर्डमध्ये लिहून ठेवलेल्या छोट्या आज्ञावलीलाही जमतं, हाही त्यात फायदा.

अपूर्णविरामानंतरचा शब्द मोठा, मग तो 'ए' का असेना. ': ए स्टडी' हे आमचं दुसरं शेपूट.

१३ नोव्हेंबर

भाचीनं वर्डमध्ये मॅक्रो लिहिला. आधी प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, मग लहान ठेवायच्या शब्दांची यादी लावायची, मग अपवादांची यादी. दोनशे शीर्षकांवर चालवला.

पहिलाच घोळ: 'बी. ए. स्टुडंट्स'. मॅक्रोनं बी. ए.मधला ए हा आर्टिकल समजून लहान केला. डॉक्टरांच्या, लेखकांच्या नावांतल्या आद्याक्षरांचंही तेच. सुधारणा: ए नंतर टिंब असेल तर हात लावायचा नाही.

दुसरा: इयत्ता बारावी रोमन आकड्यात लिहिलेली, एक्स-आय-आय. पहिलं मोठं, पुढची दोन लहान झाली. भाचीनं नियम घातला की शब्दात फक्त रोमन आकड्यांची अक्षरं असतील तर सगळी मोठी. लगेच 'सिव्हिल' हा शब्द आख्खा कॅपिटलमध्ये आला, कारण सी, आय, व्ही, आय, एल ही सगळी रोमन आकड्यांची अक्षरं आहेत. 'मिल'चंही तसंच, एम-आय-एल-एल, आणि सांगलीच्या यादीत मिल पुष्कळ. नियम काढला. त्याच्या जागी एक ते बारा आकड्यांची ठरावीक यादी टाकली.

१६ नोव्हेंबर

अपवादांची यादी वाढतेय. आज १३० झाली. एपीएमसी, नाबार्ड, एमआयडीसी, एस.टी., एचआयव्ही. यादी करताना मन लागतं, जिल्ह्याचा पंचवीस-सव्वीस वर्षांचा अभ्यास कशाकशावर झाला ते एकेका शब्दातून दिसतं. द्राक्षं, बेदाणा, हळद, ऊस, गूळ, मिरजेची तंतुवाद्यं, कोयनेचे विस्थापित, तासगाव, जत, आटपाडी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला यंदाच भौगोलिक मानांकन मिळालं. त्यावर प्रबंध येतील तेव्हा शीर्षक नीट लिहिलं जावं.

पण यादीनं भागत नाही असे काही शब्द आहेत. आयटी म्हणजे माहिती तंत्रज्ञान, आणि तीच दोन अक्षरं लहान असली की 'इट'. डब्ल्यूएचओ म्हणजे आरोग्य संघटना, आणि तीच तीन अक्षरं म्हणजे 'हू'. सगळ्या कॅपिटलांत दोन्ही एकच.

आणि माण. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, दुष्काळावरचे कितीतरी प्रबंध त्याच्यावर आहेत. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग एम-ए-एन. वाक्यासारख्या शीर्षकात मॅक्रोनं त्याचा एम लहान केला आणि 'मॅन तालुका' म्हणजे 'माणूस तालुका' झाला. त्याच यादीत एक शीर्षक माणूस आणि पर्यावरण या विषयावरचं आहे, तिथं एम लहानच हवा. दोन्ही मी हातानं केले. माझं आजोळ माणमधल्या दहिवडीचं, त्यामुळे माण मला लांबूनही ओळखू येतं. न ओळखणाऱ्या माणसाकडून ती चूक सहज झाली असती, आणि इंग्रजी शब्दकोश जोडलेला असता तर त्यानंही मान डोलावली असती.

२० नोव्हेंबर

मतदान. दुकान बंद. संध्याकाळी घरीच वाक्यासारखा स्तंभ वाचला, ४०० ओळी.

२१ नोव्हेंबर

टायटल केसची पहिली प्रुफं काढली. भाचीला लाल पेन दिलं, मी हिरवं घेतलं. दोघींनी वेगवेगळं वाचलं.

'इज' हा शब्द सगळीकडे लहान राहिला होता. दोनच अक्षरांचा असल्यामुळे मी सुरुवातीला तो लहान शब्दांच्या यादीत टाकला होता. चूक माझी. इज हे क्रियापद, कितीही छोटं असलं तरी मोठं. 'इट्स'ही मोठा, सर्वनाम आहे. दोन्ही यादीतून काढले.

मग 'अप'. 'स्केलिंग अप मायक्रो इरिगेशन' यात अप हा क्रियापदाचाच भाग आहे, म्हणून मोठा. दुसऱ्या एका शीर्षकात 'अप द रिव्हर' आहे, तिथं तो अव्यय, म्हणून लहान. 'ऑन', दोन एफचा 'ऑफ' आणि 'इन'चंही असंच दुहेरी. हे २३ ठिकाणी निघालं. प्रत्येक ठिकाणी वाक्य मनात मराठीत करून बघितलं की कळतं: सूक्ष्म सिंचन वाढवणं, आणि नदीच्या वरच्या अंगाला.

वडील छापखान्यात जुळारी होते, त्यांची आज फार आठवण आली. त्यांच्या टेबलावर इंग्रजी खिळ्यांच्या दोन पेट्या असायच्या, मोठ्या अक्षरांची वर, लहान अक्षरांची खाली. अपर केस, लोअर केस ही नावं त्यावरूनच आली. मोठं अक्षर घ्यायला त्यांना दरवेळी हात वर न्यावा लागे, त्यामुळे प्रत्येक मोठ्या अक्षरामागे एक हालचाल होती आणि हालचालीमागे विचार. देवनागरीच्या पेट्यांना खणच खण, काना-मात्रा-जोडाक्षरांचे, पण मोठ्या अक्षरांचा त्यात एकही नाही.

२५ नोव्हेंबर

१,४१२ पैकी १,४०६ झाली. सहा शीर्षकं राहिली. चारांत स्पेलिंगच चुकलेलं आहे, ती प्रबंधावरून बघून घ्यायची.

उरलेली दोन वेगळी आहेत. दोन्हींत एकच शब्द, एड्स. देवनागरीत लिहिला तरी एकच आणि कॅपिटलमध्ये लिहिला तरी एकच. एक शीर्षक असं: 'रोल ऑफ एड्स इन स्कूल एज्युकेशन'. दुसरं: 'अवेअरनेस ऑफ एड्स अमंग डी.एड. स्टुडंट्स'. शैक्षणिक साधनं म्हणजेही एड्स, आणि तो आजार म्हणजेही एड्स. साधनं असतील तर फक्त ए मोठा. आजार असेल तर चारही अक्षरं मोठी.

भाची म्हणाली, "दुसरं तर आजाराचंच असणार की मावशी. अवेअरनेस लिहिलंय."

मलाही तसंच वाटतंय. पण वाटण्यावर छापायचं नाही. दोन्ही प्रबंध काढून ठेवायला मॅडमना सांगितलंय.

२७ नोव्हेंबर

सकाळी ग्रंथालयात. शिपाईमामांनी दोन्ही प्रबंध टेबलावर आणून ठेवले, लाल रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी छपाई. तीही पूर्ण कॅपिटलमध्ये. आतलं शीर्षकपान आणि मार्गदर्शकांचं प्रमाणपत्रही तसंच. म्हणून थेट पहिलं प्रकरण उघडलं.

'रोल ऑफ एड्स इन स्कूल एज्युकेशन' हा आजारावरचा निघाला. नववी-दहावीच्या वर्गांत या विषयाची माहिती कशी द्यावी, शिक्षकांना कुठं अवघड जातं, पालक काय म्हणतात.

दुसरा उघडला. आत तक्ते, नकाशे, फ्लॅनेल बोर्ड, माती आणि बांबूची प्रतिकृती यांचे हातानं चिकटवलेले फोटो. डी.एड.च्या विद्यार्थ्यांना कोणकोणती शैक्षणिक साधनं माहीत आहेत, याची पाहणी होती. एका फोटोत सूर्यमाला आहे, तारेला अडकवलेले रंगवलेले चेंडू.

दोन्ही आम्ही उलटे धरले होते.

तिथंच मॅडमच्या संगणकावर फाइल उघडली. पहिल्यात चारही अक्षरं मोठी केली. दुसऱ्यात ए मोठा, पुढची तीन लहान. मॅडमनी दोन्ही प्रबंधांच्या दाखलनोंदीत पेन्सिलीनं विषय लिहून ठेवला. स्पेलिंगची चार शीर्षकंही प्रबंध बघून पूर्ण केली. दुपारी तीनला दोन्ही स्तंभ, १,४१२ ओळी आणि अपवादांची १८७ शब्दांची यादी पेन ड्राइव्हवर दिली. मराठी २६० शीर्षकं युनिकोडमध्ये वेगळ्या फाइलमध्ये दिली आहेत, त्यातले अकरा सातारा कान्यासकट.